सहा रुग्णालयं, सहा फाइली आणि अकरा महिने

पत्र

मॅडम, नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे. क्षयरोगाचे रुग्ण सहा महिन्यांचे उपचार मध्येच का सोडतात, यावर आमचा दोन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. सहा रुग्णालयांतल्या जुन्या नोंदी तपासायच्या आणि उपचार सोडलेल्यांच्या मुलाखती घ्यायच्या, एवढंच काम. नवं औषध नाही की सुई नाही. पण अकरा महिने झाले तरी सहापैकी तीनच ठिकाणच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णांच्या हिताला धक्का लागत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी हातात आहे. चौथ्या कमिटीने तिसऱ्यांदा शंका काढल्यात: शीर्षकातला 'डिफॉल्टर' शब्द काढा, मराठी संमतीपत्र पुन्हा लिहा, मुलाखत रुग्णाच्या घरीच का ते सांगा. नुसता शब्दांचा कीस! पाचवीची मीटिंग तीनदा रद्द झाली. आता म्हणतात, कमिटीच्या नोंदणीचं नूतनीकरण चालू आहे. सहावं सातपुड्याच्या पायथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे कमिटीच नाही, आणि ५० किलोमीटरच्या आतलीच कमिटी लागते असं कुणीतरी सांगितलं. आमचा एक फील्ड इन्व्हेस्टिगेटर कंटाळून सोडून गेला, दुसऱ्याचा करार मार्चपर्यंत आहे. आमचे सर म्हणतात, मुलाखती सुरू करून टाका, कागद येतील मागाहून, तारखांचं बघू. मला झोप लागत नाही. एकच प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) सहा कमिट्यांनी सहा वेळा वाचण्यात नीतिमत्ता कुठे आली? मी काय करू? सोबत प्रोटोकॉल आणि संमतीपत्र जोडलं आहे.

— फाइलींच्या मागे धावणारी

उत्तर

तुमच्या सरांपासूनच सुरुवात करते. बाकी सगळ्याला उशीर झाला तर निस्तरता येईल, हे एक निस्तरता येणार नाही. मंजुरी नसलेल्या ठिकाणी एकही मुलाखत घेऊ नका. 'मागाहून मंजुरी' असा प्रकार नसतो. परवानगी घ्यायची ती कामाच्या आधी. झालेल्या कामावर शिक्का मारून देणारी कमिटी तुम्हाला सापडलीच, तर तिच्यापासून चार हात लांब राहा. आणि 'तारखांचं बघू' याचा अर्थ आपल्याला दोघींनाही कळतो. संमतीपत्रावर रुग्णाच्या सहीशेजारी तारीख असते, ती फील्ड इन्व्हेस्टिगेटरच्या हातची. उद्या एखाद्या जर्नलने मंजुरीचा क्रमांक आणि तारीख विचारली, कुणी संमतीपत्रं मागवली, तर आधी त्या करारावरच्या मुलाची मान अडकेल आणि मग तुमची. सरांची सही त्या कागदावर कुठेच नसते.

सरांशी तत्त्वावर वाद घालू नका, हरलात तरी पंचाईत आणि जिंकलात तरी. कामाच्या भाषेत बोला: "सर, मंजुरीआधीची मुलाखत पेपरमध्ये धरता येणार नाही. ती परत घ्यावी लागेल, आणि उपचार सोडलेला रुग्ण आपल्याला दुसऱ्यांदा सापडणार नाही." हे खरंही आहे. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: आज ठरल्याप्रमाणे मंजुरी आली की त्या त्या ठिकाणी लगेच काम सुरू करते. भांडण न करता गोष्ट लेखी झाली. सर वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. खर्चाचा हिशेब त्यांना द्यायचाय, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर 'खर्च शून्य' लिहिताना कुणाचाही हात थरथरतो.

आता मला पडलेला प्रश्न. तीन ठिकाणची मंजुरी हातात आहे ना? मग तिथे काम सुरू झालंय का? पत्रात त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. सहाही कागद आल्यावर एकदम नारळ फोडायचा, अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये किंवा मंजुरीच्या पत्रात तशी अट नसेल, तर तीन ठिकाणी उद्यापासून सुरू करा. आणि ती पत्रं उघडून पहिल्या मंजुरीची तारीख बघा. पुष्कळ कमिट्या मंजुरी वर्षभराची देतात आणि वर्षाच्या शेवटी प्रगती अहवाल मागतात. सहाव्या ठिकाणची वाट बघता बघता पहिल्या ठिकाणची मुदत संपली, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

डोळ्यांनी पाहिलंय म्हणते, कारण नऊ वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होते, एका कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मेंबर सेक्रेटरी, म्हणजे सदस्य सचिव म्हणून. ते काम कुणी हौसेने घेत नाही. आपली ओपीडी, आपली लेक्चर्स, आपल्या पीजींचे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे, प्रबंध सांभाळून वर हे. दुपारी अडीचला मीटिंग, अजेंड्यावर पंचवीस-तीस विषय, त्यातले वीस पीजींचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधांचे आराखडे. ॲडमिशननंतर सिनॉप्सिसचा हंगाम येतो, त्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यासारख्यांचे प्रोटोकॉल गठ्ठ्याच्या तळाला जातात. तुमची फाइल आमच्याकडे आली असती तर सांगते काय झालं असतं. आमच्या ऑफिसातला क्लार्क एकदा दीर्घ रजेवर गेला आणि एका बिचाऱ्या संशोधकाच्या अर्जाचे बारा सेट त्याच्या कपाटात चार महिने पडून होते. इनवर्डला नोंद होती, पोच दिली होती, अजेंड्यात विषय नव्हता. त्या संशोधकाला वाटत होतं, कमिटी गहन विचार करते आहे. आम्हाला पत्ताच नव्हता. शेवटी तो स्वतः येऊन उभा राहिला तेव्हा कपाट उघडलं.

म्हणून 'उशीर' हा एकच शब्द तुम्ही तिन्ही फाइलींना लावलात, तिथे माझं तुमच्याशी पटत नाही. पाचवी फाइल कागदात अडकली आहे, सहावी गैरसमजात. चौथी अडकलेली नाहीच, ती वाचली गेली आहे. पाचवीपासून घेऊ, ती लवकर आटपते.

मीटिंग तीनदा रद्द झाली ती बहुधा कोरमअभावी. किमान पाच सदस्य लागतात, आणि नुसते पाच डॉक्टर बसून चालत नाही. बिगर-वैद्यकीय आणि संस्थेबाहेरची माणसं हवीतच. अध्यक्षसुद्धा बाहेरचे. आता वकीलसाहेबांची नेमकी त्याच दिवशी कोर्टात तारीख लागली, समाजशास्त्राच्या बाई परीक्षेच्या ड्युटीवर गेल्या, की संपलं. हा दोष नियमाचा नाही. बाहेरची माणसं नसतील तर कमिटी म्हणजे डीनच्या केबिनमधला चहा. दोष आहे तो पर्यायी सदस्य न नेमण्याचा आणि वर्षभराच्या तारखा आधी न ठरवण्याचा. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडसाठी आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) एथिक्स कमिट्यांकरता वेगळ्या सूचना काढल्या आणि ऑनलाइन बैठकांचा रस्ता मोकळा केला. तेव्हा हेच वकीलसाहेब घरून लॅपटॉपवर बसत होते. नम्रपणे विचारा, ऑनलाइन होईल का. न विचारता कुणी देत नाही.

नोंदणीचं मात्र नीट समजून घ्या. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनंतर कमिट्यांच्या नोंदण्या दोन प्रकारच्या झाल्या. औषधांच्या चाचण्या तपासणारी कमिटी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदवायची आणि तुमच्यासारखं आरोग्य संशोधन तपासणारी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे, 'नैतिक' नावाच्या पोर्टलवर. एकाच कॉलेजात एकाच कमिटीच्या या दोन नोंदण्या असू शकतात, आणि एक चालू, एक संपलेली, असंही होतं. तेव्हा फोन करून एवढंच विचारा: कोणती संपली? औषधांवाली संपली असेल तर तुमचं अडायचं कारण नाही. आरोग्य संशोधनवाली संपली असेल तर ती कमिटी आज तुम्हाला मंजुरी देऊ शकत नाही, दिली तरी घेऊ नका. मग त्या संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहा की, नूतनीकरण होईपर्यंत आमच्या अभ्यासापुरतं नोंदणीकृत अशा दुसऱ्या कमिटीचं परीक्षण मान्य करावं. त्यासाठी दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार लागतो. दोन पानांचा कागद असतो, मसुदा तुम्हीच करून न्या. कोऱ्या कागदावर कुणी सही करत नाही आणि दुसऱ्याचा मसुदा करायला कुणाला वेळ नसतो.

सहाव्याचं उत्तर त्याच करारात आहे. ५० किलोमीटरची अट खरी आहे, पण ती औषधांच्या क्लिनिकल ट्रायलची: ज्या केंद्राला स्वतःची कमिटी नाही, तिथल्या ट्रायलला मंजुरी देणारी कमिटी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या परिघातली हवी. तुम्ही औषध देत नाही आहात. तुमच्यासारख्या अभ्यासाला आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात, त्यांत कमिटी नसलेल्या संस्थेने करार करून दुसऱ्या संस्थेची कमिटी वापरायची सोय आहे. कुणी तरी कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये ऐकलेला नियम दुसऱ्याच अभ्यासाला लावतं आणि त्यापायी वर्ष जातं, हे आपल्या क्षेत्रातलं फार जुनं दुखणं. फक्त कमिटी निवडताना सातपुड्याच्या बाजूची, तिथली माणसं माहीत असलेली निवडा. तुमच्या कॉलेजची सोयीची पडेल, पण पावरी ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला संमतीपत्र कोणत्या भाषेत वाचून दाखवायचं, हे तिथल्या लोकांनाच कळणार.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाहीत पण असणारच: जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची परवानगी आणि रुग्णालयाची एनओसी. या प्रशासकीय परवानग्या, एथिक्सशी त्यांचा संबंध नाही. तरी कमिटी म्हणते आधी एनओसी आणा, आणि ते ऑफिस म्हणतं आधी एथिक्स आणा. दोघंही बरोबर असतात आणि तुम्ही मध्ये लटकता. एनओसीच्या मसुद्यातच 'एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून' असं लिहून न्या, सही होऊन जाते. शिवाय सरकारी रुग्णालयातले तुमचे को-इन्व्हेस्टिगेटर (सहसंशोधक) कोण आहेत? एप्रिल-मेमध्ये बदल्या निघतात. ज्यांच्या नावावर अर्ज आहे ते साहेब गडचिरोलीला गेले, की नवा सीव्ही, नवी सही, नवी पोच. प्रत्येक ठिकाणी दोन नावं द्या.

आता चौथी. पत्र वाचताना माझ्या मनात आलं ते लिहिते, रागावू नका. तुमच्या सगळ्या कमिट्यांपैकी प्रोटोकॉल खरोखर वाचला तो याच कमिटीने. शब्दांचा कीस काढला म्हणता? 'डिफॉल्टर' हा बँकेच्या कर्जबुडव्याचा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच तो बाजूला केला आणि 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला, हा आणला. उपचार का सुटले हे शोधायला निघालेल्या अभ्यासाने शीर्षकातच रुग्णाला बुडव्या ठरवलं, तर तुमचा फील्डवरचा मुलगा मुलाखतीला कोणत्या सुरात बोलेल? ही शंका पहिल्या तीन कमिट्यांनी काढली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि घरी मुलाखत. आमच्या कमिटीत सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. डॉक्टर मंडळी नमुना-संख्येवरून, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची यावरून, हुज्जत घालत असत, त्या गप्प. असाच घरभेटीचा एक प्रोटोकॉल आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दारात चप्पल काढून आत बसलेला पोरगा कोण, हे शेजारीण विचारणारच. तेव्हा घरातली बाई काय सांगेल?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गोपनीयता कसली? नवी सून असेल, माहेरी असताना झालेला टीबी सासरी सांगितलेला नसेल, गोळ्या बंद करण्याचं कारणच कदाचित ते असेल. तुमच्या अभ्यासाला हवं असलेलं उत्तर आणि तिचा संसार, दोन्ही त्या एका खोलीत. सोबत आशाताईंना न्यावं तर त्या त्याच गल्लीतल्या. पांढरी बॅग, रजिस्टर, गाडीवर क्षयरोग कार्यक्रमाचा लोगो, झालं!

तर चौथ्या कमिटीला उत्तर लिहिताना 'रुग्णाच्या सोयीसाठी' हे दोन शब्द लिहून हात झटकू नका. जागा रुग्णाने निवडायची, हे लिहा: घर, देवळाचा ओटा, दवाखान्यातली रिकामी खोली, जिथे ती म्हणेल तिथे. पहिल्या फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही आणि फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, त्याचं वाक्य लिहून द्या. कोणी विचारलं तर फील्डवरचा मुलगा काय सांगेल आणि काय सांगणार नाही, तेही. यायला-जायला लागणारं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हा आकडा बजेटमध्ये दाखवा. मग एक प्रश्न कमिटीने अजून विचारला नाहीये, पण विचारेल: मुलाखतीला गेल्यावर माणूस खोकताना दिसला, अंगात ताप आहे, वजन उतरलंय, तर तुमचा मुलगा नुसती प्रश्नावली भरून परत येणार का? क्षयरोग २०१२ पासून नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे. त्या रुग्णाला पुन्हा उपचाराशी जोडून द्यायची जबाबदारी तुमची; पण तसं करताना त्याचं नाव कुणाकडे जाईल, हे मुलाखत सुरू होण्याआधी त्याला माहीत असायला हवं. 'तुमची माहिती कोणालाही दिली जाणार नाही' असं तुमच्या संमतीपत्रात तीनदा लिहिलंय. ते खरं नाही. आणि त्या मुलाला चांगला मास्क देणार आहात की नाही, तेही लिहा. तोही माणूसच आहे.

तुम्ही विचाराल, हे सगळं एकाच कमिटीने विचारून बाकीच्या पाचांनी मान्य केलं असतं तर? अगदी बरोबर, आणि तुमच्या रागातला हा भाग मला मान्य आहे. सहा कमिट्यांनी सहा वेळा नमुना-संख्या तपासण्यात काडीचीही नीतिमत्ता नाही. त्याआधी सहा सायंटिफिक कमिट्या असतात, त्यातही नाही. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येच कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासांसाठी सामाईक परीक्षणाची वाट आहे: एक मुख्य कमिटी नेमायची, तिने मूळ प्रोटोकॉल तपासायचा, स्थानिक कमिट्यांनी आपापल्या भागापुरतं बघायचं आणि पुढे देखरेख ठेवायची. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१८ पासून आपल्या निधीवर चालणाऱ्या तिथल्या बहुकेंद्री अभ्यासांना एकच परीक्षण मंडळ सक्तीचं केलं. आपल्याकडे ती वाट ऐच्छिक आहे, म्हणून कुणी तिकडून जात नाही. प्रत्येक डीनला भीती, उद्या काही झालं तर आमची कमिटी झोपली होती का, असं विचारतील. प्रकल्प सुरू होण्याआधीच सगळ्या मेंबर सेक्रेटरींना एका ऑनलाइन बैठकीत बसवून तुम्ही हे विचारायला हवं होतं. आता अर्धीच संधी उरली आहे: पाचवी आणि सहावी मिळून एकच कमिटी ठरवता आली तर ठरवा.

पण ती भीती अगदीच पोकळ नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी) देण्याचा एक मोठा प्रकल्प झाला. वरच्या पातळीवरच्या मंजुऱ्या घेतलेल्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला. त्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमतीपत्रं तपासली तेव्हा आंध्रातल्या ९,५४३ पैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही निघाली. आईबाप रानात, मजुरीला. सही करणारा माणूस हाताशी, म्हणून वॉर्डन. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. दिल्लीत किंवा हैदराबादेत बसून प्रोटोकॉल वाचणाऱ्याला आश्रमशाळेत सही कोण करणार, हा प्रश्न सुचत नाही. त्याच भागातल्या भद्राचलमच्या एखाद्या शिक्षकाला सुचला असता. स्थानिक परीक्षणाची गरज आहे ती एवढ्यासाठी. बाकीचं एकदाच व्हावं.

याचा तुमच्या कामाला थेट उपयोग आहे. चौथ्या कमिटीच्या सांगण्यावरून तुम्ही मूळ प्रोटोकॉल बदललात, की तो बदल पहिल्या तिघींकडे दुरुस्ती म्हणून जातो. त्या पुन्हा काही सांगतात, ते चौथीकडे. सापशिडी. तीन फेऱ्यांत तुमचं हेच झालं असावं, कारण तुम्ही जोडलेल्या प्रोटोकॉलच्या तळटीपेत आवृत्ती २.१ लिहिलंय आणि संमतीपत्रावर १.३, दोन्हींवर तारीख नाही. फाइलीची दोन भागांत फोड करा. एक मूळ प्रोटोकॉल: उद्देश, पद्धत, नमुना-संख्या, विश्लेषण, तो सहाही ठिकाणी शब्दशः एकच. आणि प्रत्येक ठिकाणची वेगळी पुरवणी: तिथली भाषा, मुलाखतीची जागा, संपर्काचा माणूस, रुग्णाला पुन्हा कुठे पाठवणार ते. कमिटीची शंका आली की आधी विचारायचं, ही मूळ भागाची की पुरवणीची? घरची मुलाखत आणि पावरी भाषा पुरवणीत जाते, बाकीच्यांना कळवलं की पुरे. 'डिफॉल्टर' शब्द आणि गोपनीयतेचं ते खोटं वाक्य मूळ भागात. ते सहाही ठिकाणी बदलायलाच हवं. सगळे मोठे बदल साठवून एकाच दुरुस्तीत पाठवा, सोबत एका पानाचा तक्ता: जुनं वाक्य, नवं वाक्य, कारण. मेंबर सेक्रेटरीला अजेंड्यावर चिकटवता येईल असा कागद दिलात तर तुमचा विषय तिसऱ्या क्रमांकावर येतो. हे गुपित नाही, पण कुणी करत नाही.

नोंदी तपासण्याचं काम वेगळं काढता येईल का, तेही बघा. नावं काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते आणि जलद परीक्षणही मागता येतं. मुलाखतींना ते बहुधा मिळणार नाही. तुमचे रुग्ण गरीब, काही आदिवासी. अशा असुरक्षित गटांचा अभ्यास, जोखीम कमी असली तरी, पूर्ण कमिटीपुढे जावा अशीच अपेक्षा आहे. त्यावर भांडू नका.

पैशाचं थोडक्यात. मुदतवाढ याच महिन्यात मागा, शेवटच्या महिन्यात नको. जादा निधी नको, फक्त मुदत हवी, असं लिहा. त्याला नो-कॉस्ट एक्स्टेन्शन म्हणतात आणि निधी देणाऱ्यांना ते नवीन नाही. सोबत सहा ठिकाणच्या अर्ज, पोच, शंका आणि उत्तरांच्या तारखांचा तक्ता जोडा. गेलेल्या मुलाचा न झालेला पगार शिल्लक असेल, तो दुसऱ्याच्या करारासाठी वळवायची परवानगीही त्याच पत्रात मागा.

आणि मार्चपर्यंतच्या त्या मुलाला रिकामं बसवू नका. मंजूर ठिकाणी तो कामाला लागेलच. उरलेल्या वेळात त्याच्याकडून संमतीपत्र वाचून घ्या. रुग्णांना नाही हं. दवाखान्यातल्या मावशींना, शिपायांना, कँटीनवाल्याला. तुमचं पहिलं वाक्य असं आहे: 'सदर अभ्यासामध्ये सहभागी होण्याकरिता माझी कोणतीही हरकत नसून मी स्वेच्छेने संमती दर्शवीत आहे.' हे तलाठी कार्यालयातलं मराठी झालं. आमच्या शिक्षिकाबाईंनी लाल पेनाने ते असं केलं असतं: 'तुम्ही टीबीच्या गोळ्या मध्येच बंद केल्या, असं दवाखान्याच्या कागदावर दिसतं. का बंद झाल्या, ते आम्हाला तुमच्याकडून ऐकायचं आहे. सांगायचं नसेल तर सांगू नका. त्यासाठी दवाखान्यात तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, आणि गोळ्या परत सुरू करायच्या असतील तर मिळतील.'

पाच जणांना वाचून दाखवा, मग त्यांना आपल्या शब्दांत सांगायला सांगा. जिथे अडतील ते वाक्य बदला. मग चौथ्या कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारून, कागद द्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी स्वतः जा. सकाळी जा, दुपारनंतर मेंबर सेक्रेटरी वॉर्डात असतात. सुरुवातीला त्यांना सांगा, घरच्या मुलाखतीची तुमची शंका बरोबर होती. नऊ वर्षांत मला हे एकाही संशोधकाने सांगितलं नव्हतं.